सव्वीस दिवसांचे वरण

नव्या ओट्यावर वरण शिजू लागले त्याला सव्वीस दिवस झाले होते. त्यांपैकी नऊ दिवस ते तोंडात धरवणार नाही इतके खारट झाले, सहा दिवस साफ अळणी झाले आणि अकरा दिवस जसे व्हायला हवे तसे झाले. डाळ एकाच पोत्यातली होती, मीठ एकाच बरणीतले, पाणी एकाच विहिरीचे आणि पातेले तेच. रांधणाऱ्या दोघीही त्याच होत्या, ज्यांच्या हातच्या वरणाबद्दल मागच्या सात वर्षांत घरात कोणी एक शब्द काढला नव्हता.

ही नोंद गुणाकरच्या वहीतली. गुणाकर बालाघाटजवळच्या मँगनीजच्या एका खाणीत रसायनज्ञ होता. वर आलेल्या दगडात मँगनीज शेकडा किती, लोखंड किती, स्फुरद किती, हे सांगणे त्याचे काम. दिवसाचे आठ तास जो दगडाकडून खरे वदवून घेतो, त्याला घरी आल्यावर ‘नजर लागली’ हे उत्तर पचत नाही.

ओट्याची कल्पना त्याचीच. १९६७ च्या उन्हाळ्यात एके दिवशी त्याची आई, गोदाबाई, चुलीपुढून उठताना भिंतीला हात टेकवून क्षणभर थांबली आणि गुणाकरने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने दारात बसून मोजले: एका सकाळच्या स्वयंपाकात आई एकवीस वेळा खाली बसली आणि एकवीस वेळा उठली, आणि पाणी, डबे व चूल यांच्यामध्ये एकशे बासष्ट पावले चालली. धुराने डोळे पुसले ते वेगळे. आठ दिवसांनी त्याने कागदावर एक रेघ ओढली, स्वयंपाकघराची पूर्वेची भिंत, आणि सगळे स्वयंपाकघर त्या एका भिंतीला लावून टाकले.

नमुना त्याच्यापुढे रोज होताच. प्रयोगशाळेतही एका भिंतीलगत लांब ओटा असतो. एका टोकाला पाणी, मग कामाची मोकळी जागा, मग ज्योत, मग तयार वस्तू ठेवण्याची जागा. काम डावीकडून उजवीकडे सरकत जाते, माणसाला मागे फिरावे लागत नाही. गुणाकरने तेच घरी आणले. डावीकडे मोरी आणि पाण्याचा हंडा, त्यानंतर चिरायला-निवडायला अडीच हात काळी गुळगुळीत फरशी, नंतर धुराडे भिंतीबाहेर काढलेली निर्धूर चूल आणि शेवटी वाढून घेण्याची जागा. खाली सरपणासाठी कप्पे.

“हे काय करून राह्यला तू? शिंपी झाला का?” तो मोजपट्टी घेऊन पाठीशी उभा राहिला तेव्हा गोदाबाईंनी विचारले.

“कोपर जमिनीपासून किती उंच येतं ते पाहतोय, आई. सरळ उभी राहा.”

“चाळीस वर्षं वाकून सैंपाक केला, तवा कोणी म्हणलं नाही. आता म्हणे सरळ उभी राहा!”

ओट्याची उंची गोदाबाईंच्या कोपराच्या मापाने ठरली. गुणाकरची बायको कालिंदी सासूपेक्षा पाच इंच उंच होती. तिला त्यामुळे थोडे वाकावे लागणार, हे गुणाकरने तिला आकृती काढून दाखवले. ती म्हणाली, “माझे गुडघे चांगले आहेत. वाकेन की.” ती मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि एकदा सांगून जे समजते ते दुसऱ्यांदा फळ्यावर काढणे तिला आवडत नसे.

पूर्वेची भिंत गुणाकरने निवडली ती तिथे खिडकी होती म्हणून. गोदाबाई खूश झाल्या ते पूर्वेकडे तोंड करून रांधणे शुभ म्हणून. दोघांनीही आपापले कारण दुसऱ्याला सांगितले नाही.

बांधायला पुनाराम मिस्त्री आला. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

“साहेब, सगळं एकाच भिंतीले? चूल, पानी, डब्बे, सब? ये तो रेलगाडी हो गयी.”

“तशीच कर. डब्यामागे डबा.”

“करतो ना बाप्पा. आपल्याले काय, सीटी तेवढी मारू नका.”

मात्र काम त्याने मन लावून केले, आणि शेवटी कागदावर नसलेली एक गोष्टही केली. कालिंदीकडून फुटक्या कपबश्यांचे तुकडे मागून घेतले आणि ओट्याच्या दर्शनी काठावर निळ्या-पांढऱ्या कमळांची एक पट्टी बसवली. “तुमचं काम झालं साहेब, हे बाईंचं,” तो म्हणाला. गुणाकरने त्या पट्टीचा उपयोग काय, असे विचारले नाही. अंघोळीहून आलेल्या आईने पहिल्याच दिवशी तिच्यावरून बोट फिरवले होते, ते त्याने पाहिले होते.

ओट्याच्या वर भिंतीत अकरा कोनाडे होते आणि गुणाकरला खरा अभिमान होता तो त्यांचा. प्रयोगशाळेचा पहिला नियम असा की प्रत्येक बाटलीला एक जागा आणि काम झाले की बाटली त्या जागी. दुसरा नियम, ओटा रिकामा. त्यामुळे घरातली प्रत्येक बरणी आणि प्रत्येक डबा मोजून त्याच्या पोटाएवढाच कोनाडा केला होता. हळदीच्या कोनाड्यात मोहरी बसत नसे. मिठाची चिनी मातीची बरणी चुलीच्या डोक्यावर, हात सहज पोचेल अशी. ओटा सुरू झाला त्या सकाळी गोदाबाई चोपन्न पावले चालल्या आणि एकदाही खाली बसल्या नाहीत. थकल्यास बसायला प्रयोगशाळेतल्यासारखे एक उंच स्टूल होते.

त्या सकाळी वरण खारट झाले.

पहिल्या खारट वरणाला सगळे हसले. दुसऱ्या वेळी गोदाबाई हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताबाई आल्या, ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि निदान करून मोकळ्या झाल्या.

“नजर हाय वो ही. एवढा सुंदर ओटा अख्ख्या गल्लीत कोणाकडं हाय? मिरच्या-मोहऱ्या उतरवा.”

“उतरवा,” गुणाकर म्हणाला. “तीन दिवस उतरवा. मी लिहून ठेवतो.”

तीन दिवस मिरच्या-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तीन दिवसांचे निकाल: अळणी, खारट, अळणी. गुणाकरने वही शेवंताबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “पहा, किती जबर नजर हाय!” आणि त्याने वही मिटली.

वरणाची चव आधीच का पाहत नव्हते, असा प्रश्न परक्याला पडेल. घरात पडत नसे. नैवेद्य दाखवण्याआधी रांधलेल्याला जीभ लावायची नाही, हा गोदाबाईंचा नियम होता. सासूने त्यांना घालून दिलेला, त्यांनी कालिंदीला. दुसरा नियम त्यांचा एकटीचा: अंघोळ झाल्यापासून नैवेद्य होईपर्यंत मौन. सात वाजता त्या डाळ चुलीवर चढवत आणि पावणेआठला पूजेला बसत. तिथून पुढे चूल कालिंदी सांभाळी. डाळ घोटून मीठ घालायची वेळ नेमकी या पाळी बदलण्याच्या सुमारास येई. कधी गोदाबाई मीठ घालून उठत, कधी डाळ कच्ची असली तर कालिंदी घाली. सात वर्षे हे असे चालले होते.

“तू आईला विचारत का नाहीस, मीठ घातलं की नाही?” गुणाकरने एकदा विचारले.

“मौनात कसं विचारू? हो-नाहीची मान त्या हलवतील, पण विचारणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला कळत नाही का?” कालिंदी म्हणाली. “‘तुम्ही विसरलात का,’ असंच विचारल्यासारखं आहे ते. आणि पूर्वी विचारावं लागत नव्हतं.”

“मग पूर्वी कसं कळायचं?”

“कळायचं.”

“कशावरून?”

“अहो, कळायचं एवढंच. तुम्हाला चष्मा कुठे ठेवलाय ते कसं कळतं?”

“मला कळत नाही. तू सांगतेस.”

“मग झालं तर.”

नवव्या दिवसापासून गुणाकर एका लहान बाटलीत दोन चमचे वरण घेऊन कामावर जाऊ लागला. संध्याकाळी काम संपले की तो ते जाळून राख करी, राख पाण्यात विरघळवून गाळी आणि सिल्व्हर नायट्रेटने त्यातले मीठ मोजी. बारा दिवसांत बारा नमुने झाले. तीन नमुन्यांत मीठ जवळजवळ शून्य होते. पाच नमुन्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे नऊ दशांश ग्रॅम आणि चार नमुन्यांत सुमारे एक ग्रॅम आठ दशांश. या तिन्हींच्या मधली एकही संख्या नव्हती.

हात चुकत असता तर संख्या विखुरल्या असत्या. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. इथे मीठ एक तर घातलेलेच नव्हते, एक तर एकदा घातले होते, किंवा दोनदा. आणि दर वेळी जेवढे पडायला हवे तेवढेच पडले होते; चिमटीत आणि मुठीत मोजणाऱ्या दोन बायकांचा हात शेकडा पाचाच्या पलीकडे ढळत नव्हता. बाजारातला तराजूही याहून फारसा बरा नसे.

हे त्याने घरी आनंदाने सांगितले. निष्कर्ष उघड होता: दोघी घालतात किंवा दोघी घालत नाहीत. उपाय त्याहून उघड: एकीनेच घालावे.

“आईंनीच घालावं,” कालिंदी लगेच म्हणाली. “डाळ थोडी आधी चढवू म्हणजे झालं.”

एकविसाव्या दिवसापासून मीठ फक्त गोदाबाई घालू लागल्या. पुढच्या सहा दिवसांत वरण दोनदा खारट झाले आणि एकदा अळणी.

सव्विसाव्या दिवशी जेवण झाल्यावर गोदाबाईंनी गुणाकरला जवळ बसवले. ताटातला खारट वरणभात त्याने दुसऱ्यांदा भात घेऊन संपवला होता, तेही त्यांनी पाहिले होते.

“उद्या इतवार हाय. साडेधाच्या मोटारीनं मले तिरोडीले पोचवून दे. प्रेमलताकडं राहीन.”

प्रेमलता त्यांची लेक. तिचा नवरा तिरोडीच्या खाणीत होता.

“किती दिवस?”

“दिवस कायले मोजतो? तुले सगळंच मोजाले पायजे.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आता तं मी एकटीच टाकतो ना मीठ? अन् मलेच आठवत नाही गा, टाकलं का नाही टाकलं. पातेल्यापुढं उभी राहतो अन् आठवतच नाही. माझी माय अशीच झालती. आधी मीठ विसरली. मग आमची नावं. मग आमच्या गावी, हट्ट्याच्या बावडीवर रिकामी घागर घेऊन दिवसभर बसून राहे, पाणी भरायचं का भरून झालं थे तिले समजेना. मी अकरा वर्षांची होतो. मी तिले हात धरून घरी आणे.”

गुणाकर आणखी जवळ सरकला.

“तू मले तसा आणशील, म्हायीत हाय मले. म्हणूनच जातो. लेकीच्या घरी चुलीजवळ जा लागत नाही.”

आईचे आठवणे गेले आहे का, हे मोजण्याचे कोणतेही द्रावण गुणाकरच्या प्रयोगशाळेत नव्हते. तो वही घेऊन बसला, एक पान उलटले, पुन्हा मागे उलटले. वहीत जे होते ते सगळे खरे होते आणि त्यातल्या कशाचाही उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी कालिंदीने एकटीने स्वयंपाक केला आणि डोळे लाल झाले त्याचा दोष धुराला दिला. चूल निर्धूर होती. गोदाबाईंनी जोंधळी रंगाचे लुगडे नेसले. त्यांची पत्र्याची ट्रंक स्वयंपाकघराच्या जुन्या कोपऱ्यात होती. तिथे पूर्वी जमिनीवरची चूल असे. चूल पुनारामने फोडून नेली होती, पण तिच्या दोन बाजूंचे फरशीचे दोन दगड तसेच होते आणि ट्रंक त्यांवर ठेवलेली होती.

सव्वादहाला गुणाकर ट्रंक उचलायला वाकला. उचलली, बाजूला ठेवली, आणि तसाच वाकलेला राहिला.

डाव्या दगडावर एक पांढुरके कडे होते. उजव्या दगडावर तसेच दुसरे. त्याने वितीने मोजले. दोन्ही कडी सारखीच. मग त्याने बोट ओले करून पहिल्या कड्यावर घासले आणि जिभेला लावले. दुसऱ्यालाही तसेच केले.

“अरे! जमीन काहून चाटून राह्यला? मोटार जाईन ना!”

“आई, चुलीजवळ मिठाच्या बरण्या किती होत्या?”

“एकच. हेच, माझ्या लग्नातली.”

“कोणत्या बाजूला असायची?”

“डाव्या हाताले,” गोदाबाई म्हणाल्या.

“उजव्या हाताला,” त्याच क्षणी कालिंदी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

“डाव्या हाताले वो. चाळीस वर्षं मी तिथूनच उचलली.”

“नाही आई, उजवीकडे. मी यायची तेव्हा बहुतेक उजवीकडेच असायची.”

गुणाकरने ट्रंक पुन्हा सरकवली, या वेळी दोन दगडांच्या समोर, आणि आईला तिच्यावर बसवले. कोनाड्यातली मिठाची बरणी आणून डाव्या दगडावरच्या कड्यावर ठेवली. ती तिथे बरोबर बसली. दोन दगडांच्या मध्ये त्याने रिकामे पातेले ठेवले.

“वरण घोटून झालंय असं समज. मीठ टाक.”

“वेडा झाला का तू?”

“टाक ना, आई.”

गोदाबाईंनी नाक मुरडले. मग त्यांच्या डाव्या हाताने बरणी उचलून मांडीशी आणली, उजव्या हाताने झाकण काढून चिमटी भरली, पातेल्यावर झटकली, झाकण लावले. आणि बरणी उजव्या हाताने उजव्या दगडावर ठेवून दिली. त्यांची नजर पातेल्यावरच होती.

“तिथे का ठेवलीस?”

“मंग कुठं ठेवू? झालं ना टाकून!”

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचे बोलणे ऐकले. त्या उजव्या दगडाकडे पाहत राहिल्या.

“जेवणं झाल्यावर पोतेरं मी फिरवायची,” कालिंदी सावकाश म्हणाली. “तेव्हा बरणी परत डावीकडे ठेवायची. का ठेवायची ते… तिची जागाच ती, म्हणून.”

“अन् मी टाकून उठलो असलो तर तू—”

“उजवीकडे दिसली की मी मिठाचा विचारच करत नसे.”

“म्या तुले असं कधी सांगितलं?”

“नाही.”

“मले तं कोणी सांगितलं नव्हतं.” गोदाबाईंनी बरणीच्या झाकणावर बोट फिरवले. मग मुलाकडे वळल्या. आवाज अकरा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. “मंग माझं डोकं?”

“डोक्याकडे हे काम कधी नव्हतंच, आई. मीठ टाकल्याचं तुला पूर्वीही आठवत नव्हतं. आठवायची गरज नव्हती. बरणी आठवण ठेवायची.” अचूक असणे त्याला भाग होते. “तुझा हात शेकडा पाचानेही चुकत नाही. बारा वेळा मोजलंय.”

“बारा वेळा?”

“बारा.”

“लोकाच्या खाणीत माझं वरण मोजून राह्यलता तू!” पण त्यांनी ट्रंकेवर बसल्या-बसल्याच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

रस्त्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू आला आणि लांब गेला.

“गेली मोटार,” कालिंदी म्हणाली.

“गेली तं गेली. तिरोडी कुठं पळून जाते? सकाळी तू वरण केलं ना, थे मी अजून चाखलं नाही. वाढ.” गोदाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोन पावलांत नव्या ओट्याशी गेल्या आणि मिठाची बरणी कोनाड्यात न ठेवता चुलीच्या डावीकडे, काळ्या फरशीवर ठेवली. ओटा रिकामा ठेवण्याचा नियम त्या दिवशी रद्द झाला. दुसऱ्या दिवशी पुनारामने मिठाचा कोनाडा विटेने बुजवला आणि त्याच्यावर उरलेल्या तुकड्यांचे एक कमळ बसवले.

त्या रविवारी दुपारी गुणाकरने वहीतले सव्वीस दिवसांचे पान काढले, खाली ‘कारण’ असे लिहून रेघ मारली आणि पुढे लिहिले:

मीठ घातले की बरणी चुलीच्या डावीकडून उजवीकडे जात असे. मीठ पडले की नाही, हे घरातल्या दोघी बरणीच्या जागेवरून ओळखत. आपण ते असे ओळखतो, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. नव्या ओट्यात मी बरणीला एकच जागा दिली.